नवोदित कादंबरीकार आणि साहित्यसंमेलन

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या वेदीपुढे आपल्या पूर्वजांनी गुडघे टेकले, तिच्या महोत्सवप्रसंगी साहित्यसंमेलनासारख्या ऐहिक विषयावर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांच्या मनात आला असेल. समितीने आम्हास कळविले ते असे की, धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी लेखनाकडे वळू लागले आहेत. तेव्हा नवोदित कादंबरीकार ह्या नात्याने संमेलनास जाऊन आम्ही काय पाहिले व तेथून काय आणले, ते त्यांच्यासाठी सांगावे. ही आज्ञा आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. विचार करू जाता, ह्या विषयाचा धर्मग्रामाशी संबंध प्रथमदर्शनी वाटतो त्याहून पुष्कळच निकटचा आहे, अशी आमची खात्री झाली. तो कसा, हे भाषणाच्या ओघात येईलच.

मराठी ग्रंथकारांनी एकत्र जमावे हा विचार नवा नव्हे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी ह्या उभयतांच्या पुढाकाराने १८७८ सालच्या मे महिन्यात पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. त्या काळी छापील मराठी गद्याचे वय लहान होते; ग्रंथ लिहिणारे मोजके आणि ते विकत घेऊन वाचणारे त्याहूनही मोजके. पुढे १८८५ साली दुसरे संमेलन भरले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले असता त्यांनी येण्याचे नाकारले आणि तसे पत्र पाठविले. कष्टकरी शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांचा परिचय नाही, अशांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे संमेलनाच्या बाल्यावस्थेपासूनच त्याच्या दारात एक प्रश्न उभा आहे. ह्या मंडपात कोणाचे जीवन येते आणि कोणाचे बाहेर राहते? श्रोत्यांनी हा प्रश्न ध्यानात ठेवावा. पुढे तोच आपल्यापाशी यावयाचा आहे.

कादंबरीकारांना ह्या संमेलनाने मान दिला नाही असे मुळीच नाही. हरि नारायण आपटे १९१२ साली अकोल्यास, ना. सी. फडके १९४० साली रत्नागिरीस आणि वि. स. खांडेकर १९४१ साली सोलापुरास अध्यक्ष झाले. परंतु हे सर्व प्रथितयश लेखक होत. ज्याची पहिली कादंबरी अद्याप हस्तलिखितातच आहे, अशा लेखकाने तेथे जाऊन करावे तरी काय?

आम्ही गेलो ते ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनास. ते १० ते १२ जानेवारी २०२० ह्या तीन दिवसांत उस्मानाबाद येथे भरले. त्या नगराचे नाव आता धाराशिव असे झाले आहे. जाण्याचे कारण आपणांस सांगावयास नको. वसई तालुक्यातील नंदाखाल येथे जन्मलेले आणि १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या संमेलनाचे अध्यक्ष होते. ह्या पदावर ख्रिस्ती धर्मगुरूची निवड पूर्वी कधीही झाली नव्हती. निवड एकमताने झाली, तरी बाहेरून विरोधाचे सूर उमटल्याशिवाय राहिले नाहीत. धर्मगुरूचे साहित्य म्हणजे धर्मप्रचारच, असा काहींचा ग्रह होता. मराठवाड्याच्या मंडळींनी त्या विरोधाने विचलित न होता पाहुण्याचे स्वागत केले, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरणात ठेविली पाहिजे.

त्या प्रदेशाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडे बावखले, रहाटाच्या विहिरी आणि समुद्राचा ओलावा. तिकडे अवर्षणाने वारंवार गांजलेली काळी जमीन. त्याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. गोरोबाकाकांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. संतमंडळी जमली असता काकांनी हाती थापटी घेतली आणि मडके पारखावे तसे एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्णय दिला. पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. आपल्या पवित्र शास्त्रातही यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो आणि चाकावर बिघडलेल्या मातीचे दुसरे पात्र घडताना पाहतो. नवोदित लेखकास ‘कच्चे मडके’ म्हटले तर त्यात अपमान नाही. मात्र कच्च्या मडक्याने आपण भाजलेले आहो असा आव आणू नये आणि आव्यास भिऊही नये. जेथे थापटी बसण्याचा संभव आहे, तेथे त्याने आपण होऊन गेले पाहिजे.

आता संमेलनाचे स्वरूप पाहू. आरंभी ग्रंथदिंडी निघते. पालखीत देवतेच्या ठिकाणी ग्रंथ असतात. शाळेतील मुले लेझीम खेळतात, भजनी मंडळे टाळ वाजवितात, गावच्या बायका दारात रांगोळ्या काढितात. मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, मुलाखती, कविसंमेलन, आणि शेवटी खुल्या अधिवेशनात ठराव. बाजूस ग्रंथप्रदर्शनाचे गाळे.

ह्या सर्वांत नव्या कवीसाठी कविकट्टा असतो. तेथे नाव नोंदवावे, आपली पाळी आली की कविता म्हणावी आणि चार टाळ्या घेऊन खाली उतरावे. कथाकारासही कथाकथनाचा आधार आहे. कादंबरीकाराची अवस्था मात्र निराळी. तीनशे पानांची वस्तू दहा मिनिटांत कोणास ऐकविता येत नाही. मधलेच एखादे प्रकरण वाचावे, तर मागचे ठाऊक नसल्याने श्रोता गोंधळतो. कादंबरी ही एकांतात लिहिण्याची व एकांतातच वाचण्याची वस्तू आहे, आणि संमेलन म्हणजे तर गर्दीचा महोत्सव. म्हणून व्यासपीठाच्या आशेने जाणाऱ्या नवोदित कादंबरीकाराच्या पदरी निराशाच यावयाची. त्याने तेथे श्रोता म्हणून जावे. किंबहुना वाचकांचा वाचक म्हणून जावे, असे आम्हास वाटते.

ह्या म्हणण्याचा अर्थ आम्हास ग्रंथप्रदर्शनात उमगला. एका गाळ्यापाशी आम्ही तास-दीड तास उभे होतो. धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी एक जाड कादंबरी उचलली, मलपृष्ठाकडे ढुंकूनही न पाहता ती नेमकी मधोमध उघडली आणि उभ्याउभ्या दोन पाने वाचली. किंमत पाहिली, पुस्तक खाली ठेविले, आणि निघून गेले. अर्ध्या तासाने ते परत आले, तेच पान पुन्हा शोधून काढले, कोपरीच्या खिशातून पैसे मोजून दिले आणि पुस्तक पिशवीत घालून चालते झाले. लेखकाचे नाव त्यांनी विचारले नाही. कोणता पुरस्कार मिळाला, तेही विचारले नाही. मधल्या दोन पानांनी त्यांना परत बोलाविले होते. त्या दिवसापासून आम्ही आपल्या हस्तलिखिताचे कोणतेही पान मधोमध उघडतो आणि स्वतःस विचारतो की, हे पान त्या गृहस्थांना माघारी फिरवील काय? समीक्षेच्या अनेक ग्रंथांनी जे शिकविले नाही, ते त्या अपरिचित वाचकाने शिकविले.

प्रकाशकांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तरुणांना त्याचीच अधिक उत्सुकता असते. गाळ्यावर प्रकाशक स्वतः भेटतात, हे खरे. परंतु ती वेळ त्यांच्या विक्रीची असते, हस्तलिखित वाचण्याची नव्हे. आम्ही एकांशी विषय काढिला, तेव्हा त्यांनी तीन प्रश्न केले: पाने किती, विकत घेणारे कोण, आणि खर्चात तुमचा वाटा किती? कथानक काय, हे त्यांनी विचारले नाही. आम्हास त्याचे वाईट वाटले, परंतु नवलही वाटले नाही. हजार प्रतींची आवृत्ती ही मराठीतील जुनी रीत, आणि तेवढ्या प्रती खपण्यासही कित्येक वर्षे लागतात. तेव्हा व्यवसाय करणारा मनुष्य हिशेब करणारच. म्हणून तरुणांना आमचे सांगणे इतकेच की, हस्तलिखिताचे बाड प्रत्येकाच्या हाती देत फिरू नये. प्रकाशकाचा पत्ता घ्यावा, त्याची दोन-चार पुस्तके विकत घेऊन तो कोणत्या प्रकारचे साहित्य काढितो ते पाहावे, आणि घरी आल्यावर रीतसर पत्र लिहावे. करार होईल तेव्हा प्रती किती, मानधन किती, पुढील आवृत्तीचा व भाषांतराचा हक्क कोणाकडे, हे लेखी असल्यावाचून सही करू नये. पैसे भरून पुस्तक छापणे हे पाप नाही. परंतु पैसे भरले म्हणजे पुस्तक चांगले झाले, असा समज करून घेणे घातक आहे.

आता भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मंडपात आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षक बसले होते. आम्ही वसईकडचे, असे कळताच त्यांनी विचारले, “म्हणजे फादरांच्या मुलखातले! मग गुरुजी, तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?” आम्ही सांगितले की, मराठीच बोलतो, आमच्याकडे तिची सामवेदी, वाडवळी अशी निरनिराळी रूपे आहेत, आणि आमची मिस्सादेखील मराठीत होते. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “फादरांनी आम्हाला तुमचे बायबल वाचायला दिले. पण तुमच्या घरातली माणसे आम्हाला कादंबरीत का भेटत नाहीत?”

पहिल्या प्रश्नास उत्तर देणे सोपे होते. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोहोचले, येथील भाषा शिकले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ते ओवीबद्ध आहे. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. पुढे बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखास वाचा फोडिली, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचाच निर्देश होतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही घरोघरी वाचली जातात. पदमनजी व टिळक आपल्या पंथाचे नव्हेत, तरी ख्रिस्ताच्याच कुळातले होत. तेव्हा मराठीच्या घरात आपण काही उपरे पाहुणे नाही. ह्या घराच्या बांधकामात आपल्याही हातचे दगड आहेत.

परंतु दुसरा प्रश्न त्याने सुटत नाही. कादंबरीचे दार ज्यांच्या समाजातील लेखकाने प्रथम उघडिले, त्यांच्याच घरातील माणसे कादंबरीत विरळा आढळावीत, ही खेदाची गोष्ट होय. आपल्या वाडीतील पानमळे गेले, रहाट बंद पडले, राजेळी केळींची सुकेळी करणारे हात थकले. जमिनी विकल्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, मुले परदेशी गेली आणि नातवंडे आजीशी इंग्रजीत बोलू लागली. लाल लुगडे नेसणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत मिटत चालली आहे. एवढे मोठे स्थित्यंतर एखाद्या समाजात घडावे आणि त्यावर भराभर कादंबऱ्या लिहिल्या जाऊ नयेत, हे कसे?

बोलीची अडचण सांगाल, तर ती खरी नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त माणदेश आणिला, श्री. ना. पेंडशांनी ‘गारंबीचा बापू’मध्ये कोकण आणिले, उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोली आणिली, आनंद यादवांनी ‘गोतावळा’ संपूर्ण ग्रामीण बोलीत सांगितली. ह्या कादंबऱ्या १९५० नंतरच्या दोन-अडीच दशकांतील होत, आणि त्या त्या मुलखाबाहेरच्या वाचकांनीही त्या आपल्या मानिल्या. वाचक अपरिचित शब्दास भीत नाही, खोट्या शब्दास भितो. पात्राच्या तोंडी त्याची बोली ठेवावी, तिचा अर्थ प्रसंगातूनच उमजेल अशी काळजी घ्यावी, म्हणजे मराठवाड्यातील शिक्षकासही कादोडी कळते.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती आज, आपल्याच लोकांसमोर, उघडपणे मांडिली पाहिजे. आपला लेखक आपल्याच माणसांना भितो. कविता लिहिली तर सर्वजण कौतुक करितात, कादंबरी लिहिली तर जो तो विचारतो, “ह्यात आमच्या घराचे काय लिहिले आहे?” कादंबरीत सणाचे वर्णन चालते, जमिनीवरून भावाभावांत झालेला तंटा चालत नाही. आजीची प्रार्थना चालते, दारूने उद्ध्वस्त झालेला बाप चालत नाही. चांगली माणसे चालतात, पडलेली माणसे चालत नाहीत. ख्रिस्ती समाजाची बाहेर नाचक्की होईल, असे म्हटले जाते. आणि लहान समाजाची ही भीती समजण्यासारखी आहे.

तथापि, बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्राची रीत कशी आहे ते पाहा. दावीद राजा हा परमेश्वराचा लाडका. तरी त्याचा व्यभिचार आणि उरीयाचा घात शास्त्राने झाकला नाही. पेत्र हा प्रेषितांचा मुख्य. तरी त्याने प्रभूस तीनदा नाकारले, हे चारही शुभवर्तमानांत लिहिलेले आहे. ते वाचून पेत्राविषयीचा आपला आदर कमी झाला काय? उलट, त्याच्या अश्रूंमुळे तो आपल्याला अधिक जवळचा वाटतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातून डुकरांचा गोठा काढून टाकिला, तर बापाच्या मिठीस काय अर्थ उरेल? पतन सांगितल्यावाचून कृपा सांगता येत नाही. जी कादंबरी आपल्या माणसांचे दोष जाणते आणि तरीही त्यांच्यावर प्रीती करिते, ती त्यांची नाचक्की करीत नाही.

ह्याचबरोबर लेखकावरही बंधन आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा कादंबरीकारासही लागू आहे. विश्वासाने सांगितलेले दुःख ओळखू येईल अशा रूपाने बाजारात मांडणे, सूड उगविण्यासाठी पात्र रंगविणे, टाळ्यांसाठी स्वतःच्या समाजाची थट्टा करणे, हे साहित्य नव्हे. माणसे ओळखू येऊ नयेत, परंतु त्यांचे दुःख ओळखता यावे, ह्यातच कादंबरीकाराचे कसब आहे.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूच्या सन्निध गेले. त्यांनी आयुष्यभर ललित लेख, प्रवासवर्णने, चिंतने लिहिली, ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले, आणि वसईच्या हिरव्या वाड्यांच्या रक्षणासाठी लोकांबरोबर रस्त्यावरही उतरले. त्यांनी संमेलनाच्या मंडपाचे दार आपल्यासाठी रुंद केले. त्या दारातून आता कादंबरीकारांनी आत यावयाचे आहे, आणि ते काम पुढच्या पिढीचे आहे.

तरुण मित्रांनो, संमेलनास अवश्य जा. वही न्या, छायाचित्रांपेक्षा ऐकलेली वाक्ये अधिक साठवा. एक तरी परिसंवाद आरंभापासून शेवटपर्यंत ऐका. जवळ पैसे थोडे असतील तर उपाहार कमी करा आणि एक कादंबरी विकत आणा. शेजारी बसलेल्या अनोळखी मनुष्याशी बोला. तोच उद्याचा तुमचा वाचक आहे. आणि घरी आल्यावर संमेलनाच्या गप्पांत महिने न घालविता, दुसऱ्या दिवसापासून रोज ठराविक वेळ लिहावयास बसा. संमेलन तीन दिवसांचे. कादंबरी तीन वर्षांची.

वडीलधाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की, मुले विचारतील तेव्हा जुन्या गोष्टी सांगा. आणि केवळ गोड त्याच न सांगता कडूही सांगा. धर्मग्रामात एक लहानसे वाचनालय असावे, तेथे मराठी कादंबऱ्या असाव्यात, आणि महिन्यातून एकदा नव्या लेखकाचे एक प्रकरण सर्वांनी मिळून ऐकावे. संमेलनात कादंबरीकारास जे व्यासपीठ मिळत नाही, ते त्याला त्याच्या धर्मग्रामाने द्यावे. तेथे थापटी बसू द्या, परंतु ती गोरोबाकाकांच्या हातची असावी. मडके फोडण्यासाठी उगारलेली नसावी.

ज्या परमेश्वराने शब्दाने विश्व निर्मिले आणि ज्याचा शब्द देह धारण करून आपल्यामध्ये वसला, तो आपल्या मुलामुलींच्या लेखणीस सत्य आणि प्रीती ही दोन्ही देवो, आणि त्यांचे ऐकून घेण्याचे धैर्य आपणा सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.